शाळा सोडल्याचा दाखला

जन्मतारीख सांगितली
तसा सायबर कॅफेतला पोरगा थांबला.
‘काका, तुमची नको. मुलाची सांगा. उमेदवाराची.’
उमेदवार मीच आहे, म्हटलं.
तो पडद्याकडं बघत राहिला थोडा वेळ,
मग जरा अदबीनं, ‘ट्रेड कुठला?’

टू-व्हीलर मेकॅनिक. आयटीआय, कळंबा.

शिरोलीच्या फौंड्रीत अठरा वर्षं साचे भरले मी.
काळी वाळू नाकात, कानात, भाकरीच्या पदरात.
मार्चमध्ये भट्टी थंड झाली ती झालीच.
मालकानं हिशेब चुकता केला
आणि वर एक स्टीलचा डबा दिला, तीन खणांचा,
डबा न्यायची जागा संपली नेमक्या त्या दिवशी.

तेव्हापासून गल्लीतल्या गाड्या माझ्या दारात येतात.
येतात म्हणजे, ढकलत आणतात.
दूधवाल्या महिपतीची, दोन्हीकडं किटल्या, चढाला धापणारी.
टॅपेट लावून दिली, चेन आवळली.
‘किती द्यायचं?’
‘ऱ्हाऊ दे की.’
‘ऱ्हाऊ दे की’वर गॅसची टाकी येत नाही,
हे वैजू एकदाच बोलली.

परवा एक नवी गाडी आली.
पिवळा दिवा लागलेला, काही केल्या विझेना.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला.
आत सगळं सुरळीत.
दिवा तरी म्हणत होता, काहीतरी आहे.
इंजिन खोटं बोलत नव्हतं, दिवाही नाही.
दोघांच्या मधलं बोलणं
मला कळत नव्हतं.

उद्यमनगरातला हिदायत मिस्त्री हसला,
‘कशाला जातोस लेका?
नट कुठल्या बाजूला फिरतोय ते शिकायला?
बस माझ्याकडं. दिवसाला चारशे, चहा वेगळा.’
त्याचा स्वतःचा पोरगा मात्र शिकून शोरूमला लागलाय.
संध्याकाळी त्याची नखं स्वच्छ असतात.
हिदायत हे सांगत नाही. मी पाहिलंय.

वैजू डेअरीत फॅट मोजते.
तिनं दुधाच्या पावतीमागं गणित मांडलं,
चोवीस महिने, वजा घरभाडं, वजा पोरीची फी,
आणि उत्तराखाली रेघ मारून
पावती ब्लाउजमध्ये ठेवली.
‘दोन वर्षं तशीबी जाणारच हाईत,’ एवढंच म्हणाली.
पोरीला दुसरीच काळजी:
‘बाबा, तुम्हाला युनिफॉर्म असणार?’

दाखला एकोणीसच्या पुरात गेला होता,
म्हणून दुसरी प्रत काढायला शाळेत गेलो.
क्लार्कनं पंख्याखाली जाड रजिस्टर उघडलं.
नाव, माझंच. जात, जन्मगाव, बरोबर.
वर्तणूक : चांगली.
शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून.

पालकांनी विनंती केली नव्हती.
बाबा त्या रात्री नाइट शिफ्टला होते
आणि सकाळी आले ते झोपले.
अर्जावरची सही मी मारली होती,
त्यांच्या ‘प’ची शेपटी चारदा पाटीवर गिरवून.
अकरावीची बाकडी लहान वाटायला लागली होती
आणि फौंड्रीत रोख मिळत होते.
बाबांनी कधी विचारलं नाही.
मरेपर्यंत नाही.

‘आता कशाला लागतोय दाखला?’ क्लार्क म्हणाला,
शिक्का शाईत दाबत.
शाळेत जायला, म्हटलं.
त्यानं मान वर केली नाही.
शिक्का जरा तिरका बसला.

फी भरायची मुदत शनिवारपर्यंत. आज शुक्रवार.
दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, सीटखाली,
प्लगपान्याच्या शेजारी.
संभाजीनगरच्या चौकात
सरळ गेलं की कळंबा,
मागं वळलं की उद्यमनगर, दिवसाला चारशे.

सिग्नल सुटलाय. मागचे हॉर्न मारतायत.
गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबून धरलाय.
एकदम सोडला तर बंद पडते,
हळू सोडावा लागतो,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.