न करण्याची अट

कोठी कचेरीबाहेर, सायकल स्टँडच्या उरलेल्या सावलीत
माझं टेबल. एक पाय आखूड.
त्याखाली दुमडलेला स्टँप पेपर, सन ब्याण्णवचा,
कुणाचा तरी फिसकटलेला सौदा.
एकतीस वर्षं मी लोकांचे शब्द टाइप करतोय.
लिहून देणार, लिहून घेणार
आणि मधे मी,
ना देणार, ना घेणार.

रिबका पेणकर आल्या त्या दिवशी त्रेचाळीस अंश होतं.
प्रतापनगरच्या, रेल्वेच्या शाळेत गणित शिकवलेल्या,
मराठी माझ्याहून चोख.
घर विकून मुलाकडे अश्दोदला चालल्या होत्या.
म्हणाल्या, मोहिते, एक कलम घाला.
अंगणातलं डाळिंब घेणाऱ्याने तोडू नये,
आणि त्याला रोज दोन बादल्या पाणी घालावं.
भावाचा टायफॉइड उतरला तेव्हा
बाबांनी एलियाहू हन्नाबीचा मलिदा केला होता,
त्या ताटातल्या डाळिंबाचं बी हे.
बोललेलं आहे, म्हणाल्या.
आमच्याकडे देवाशीसुद्धा करारच असतो.
आठव्या दिवशी मुलाच्या अंगावर सही होते.

झालावकिलांनी चष्मा कपाळावर चढवला.
"ए नहीं चाले, बेन."
मग पंख्याकडे बघत समजावलं:
न करण्याची अट जमिनीबरोबर जाते,
मालक बदलू देत, नाहीतर मरू देत.
करण्याची अट माणसापाशीच संपते.
तोडू नका, हे कोर्ट सांगेल.
पाणी घाला, हे कोर्टाने
कुणाच्या दारात रोज जाऊन सांगायचं?

मी पाणी खोडलं.
किरीटभाईंनी सही केली, अंगठा दिला,
शाई रुमालाला पुसली.
रिबकाबाईंनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं,
फळ्यावरच्या चुकलेल्या बेरजेवर ठेवत असतील तसं,
आणि माझे पैसे मोजून दिले. सुटे.

पुढच्या जूनमध्ये त्या गल्लीतून गेलो.
डाळिंब उभं होतं.
कुणी तोडलं नव्हतं.
पान एक नव्हतं.
फांद्यांवर पोरांचे मोजे वाळत घातलेले.
करार शाबूत,
एका अक्षराचा भंग नाही.

रात्री जेवताना हेमलताला सांगितलं.
ती भाताची खरपुडी काढत होती पातेल्याच्या बुडाची.
म्हणाली, तुम्हीही तेच म्हणालात की,
भटजींच्या मागून, तीन वेळा. नातिचरामि.
त्यातला 'न' तेवढा पाळलात.

आमच्या व्रतांतही तेच, नाही का?
उतणार नाही, मातणार नाही.
मी उतलो नाही. मातलो नाही.
दारू नाही, दुसऱ्या बाईकडे वर मान नाही,
पगार पाकिटासकट तिच्या हातात.
पण ब्याऐंशी साली कमाटीबागेच्या फाटकाशी
म्हणालो होतो, तुला स्कूटर शिकवीन,
गळ्याला चिमटा घेऊन, आईशपथ.
मग पेट्रोल महागलं. मग मुलं. मग माझी पाठ.
मग स्कूटर भंगारात गेली,
मग तिचे गुडघे.

शब्द पाळावा म्हणतात.
पाळायचा म्हणजे वैरण घालायची,
दोन वेळा पाणी दाखवायचं.
मी नुसतं दावं सोडलं नाही.

ती हसली. खरवडलेला भात माझ्या ताटात टाकत म्हणाली,
इतकं काय त्याचं. बरं, सुटली म्हणते,
आपण लहानपणी म्हणायचो तसं.

नको म्हणूस, मी म्हटलं.

मोरीत नळ चालू राहिला होता.
बादली केव्हाची उतू चालली होती.
आम्ही दोघांनी ऐकलं,
आणि कुणीच
लगेच उठलं नाही.