पिवळी शाई

पुन्ता अरेनासला जुलैत उजाडायला दहा वाजतात.
सोर्का व्रसालोविचच्या लोकरीच्या दुकानात
त्याआधीच दोन दिवे जळत असतात:
एक काउंटरवरचा,
दुसरा प्रिंटरचा, नारिंगी, डोळा मारणारा.

कॉम्प्युटर नवा आणला होता, हप्त्यानं.
नवरी एकच, पाठराखिणी अकरा.
एक व्हायरसपासून राखणारी, साठ दिवस फुकट,
पण दुसऱ्या दिवसापासूनच पदर पसरून दारात.
एक हवामान सांगणारी, तेही मियामीचं,
आणि इथे बाहेर माणसं खांब धरून उभी, वारा ओसरेपर्यंत.
एक नुसतीच विचारायची, मदत करू का?
करच, म्हटलं की इंग्रजीत सुरू व्हायची.
सोळा दिवस झाले, वीस झाले,
एकीनंही परतीचं नाव काढलं नाही.

मी शेजारचा. जाणकार म्हणून मला हाक मारली.
माझी लायकी एवढीच, की मागच्या वर्षी
तिच्या मायक्रोवेव्हचं घड्याळ मी लावून दिलं होतं.

काम म्हणजे भावाला पत्र.
मिर्को सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनीरला,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
म्हणून अक्षरं अंगठ्याएवढी,
आणि मजकूर चार वर्षांचा तुंबलेला, म्हणून पानं नऊ.
सोर्काची बोटं संधिवातानं वाकलेली,
सुया धरतात, पेन धरत नाहीत.

प्रिंटर म्हणाला, ड्रायव्हर नाही.
ड्रायव्हर होता, सीडीवर.
सीडी भरवायला नव्या नवरीला तोंडच नाही.
उतरवून घेऊ म्हटलं तर वाऱ्यानं इंटरनेट पाडलेलं.
संध्याकाळी आलं, ड्रायव्हर आला,
त्याचं बोट धरून आणखी दोन पाठराखिणी,
फोटोंचे अल्बम सजवणाऱ्या.
मग टेस्ट पेज. काय सुंदर छापलं!
निळी पट्टी, लाल पट्टी, पिवळी पट्टी,
खाली अभिनंदन.
त्या पट्टीतच शेवटची पिवळी शाई गेली,
आणि प्रिंटर रुसला.

"पण पत्र काळं आहे,"
सोर्का म्हणाली, मला नाही, त्याला.
"अथपासून इतिपर्यंत काळं आहे रे."
त्यानं डोळा मारला.

बोट सुटायला वीस मिनिटं.
तिनं भावाच्या चिठ्ठ्या लिहायचा जाड मार्कर उचलला,
लोकरीच्या भावाच्या,
मुठीत धरला लहान मुलासारखा
आणि टेस्ट पेजच्या पाठीवर लिहिलं,
मिर्को, ये.
नऊ पानांतलं एवढंच मावलं तिच्या बोटांत.

नवव्या दिवशी तो आला.
कोट न काढता बसला, सूप प्यायला,
मीही होतो, आग्रहामुळे.
बोलणं काही होत नव्हतं. पाव मोडला जात होता.
तेवढ्यात कोपऱ्यात कुणीतरी घसा खाकरला.

रात्री कधीतरी, कुणाला न विचारता,
यंत्रानं स्वतःला अद्ययावत करून घेतलं होतं
आणि पिवळीचा हट्ट सोडला होता.
पहिलं पान बाहेर सरकलं.
मला चमचा तोंडात असताना टेबलावरून वाचता आलं:
मिर्को, आईला मातीत ठेवलं तेव्हा तू

मी झेप घेतली, प्लग उपटला.
मायक्रोवेव्हचा.

मिर्कोनं पान उचललं, नाकाशी नेलं, लांब धरलं.
बराच वेळ.
"काय गं हे?"
"टेस्ट पेज," सोर्का म्हणाली.
त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला,
पिवळी पट्टी घडीवर विरलेली.
"मग आहे की एक माझ्याकडे."
उरलेली आठ येतील तशी, गरम गरम,
तो पालथी रचत गेला
आणि वर सुपाचं भांडं ठेवलं.

मी मुकाट्यानं प्लग परत लावला.
मायक्रोवेव्ह शून्यावर लुकलुकू लागला.
घड्याळ लावायला हात पुढे केला,
तर सोर्का म्हणाली, राहू दे.