हातउसनं

रे रोडच्या पुलावरून उतरून दारूखान्यात शिरलं
की बोलण्याआधी लोखंडाचा वास येतो,
गंजाचा, ऑइलचा, नुकत्याच कापलेल्या पत्र्याचा.
तिथं आमचं गोदाम. नट, बोल्ट, वॉशर, रिव्हेट,
आणि त्यांना अंधारात हातानं ओळखणारे आजगावकर.

परळला, एकविसाव्या मजल्यावर,
आम्ही चौदा महिने एक काचेची खोली अडवली होती.
प्रकल्पाचं नाव झेप.
नाव ठरवायला तीन बैठका लागल्या.
बोल्टच्या नावासाठी एकही झाली नाही.

बोल्ट तर एकच. बारा एमएम, अडीच इंची.
खरेदीत हेक्स बारा,
डिस्पॅचला हिल्डाबाईंकडे लांब बारा,
हिशेबात चव्वेचाळीस सतरा,
आणि गोदामात सगळे त्याला म्हातारा म्हणत,
का, ते कुणालाच आठवत नव्हतं.
संगणकात तो पाच वेळा जन्मला
(पाचव्यांदा टायपिंगच्या चुकीतून).
शिल्लक पाच ठिकाणी. पोती तीच, शिडीखालची.

माझं काम रंगांचं.
दर शुक्रवारी छेडाशेठांपुढे तक्ता लावायचा:
हिरवा, पिवळा, लाल.
एकदा 'चाचणी अपुरी' या ओळीपुढे
मी पिवळा भरला.
कौशिक म्हणाला, पिवळ्यावर प्रश्न येतात.
मी हिरवा भरला.
बैठक वीस मिनिटांत संपली,
सगळ्यांना बरं वाटलं.
मलाही.

आजगावकरांना वर बोलावलं ते एकदाच.
कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.
भिंतभर चौकोन होते, बाण होते,
मागणी, मंजुरी, आवक, जावक.
बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं,
"आणि हातउसनं कुठं लिहायचं?"

म्हणजे?

"म्हणजे कुतुबभाईचा माल अडकला, की आपण दोन पोती देतो.
आपला अडकला, की तो देतो.
कागद नसतो. आठवड्यात फिटतं."

कौशिक हसला. वाईट मनानं नाही.
काका, ते आता बंद होईल, म्हणाला.
मी लिहून घेतलं: वापरकर्त्यांना प्रशिक्षण आवश्यक.

तारीख पुढे ढकलता येत नव्हती,
हॉटेलचा हॉल घेऊन ठेवला होता.

पहिल्या सकाळी साडेदहाला पहिला ट्रक.
पडद्यावर म्हातारा शून्य.
शिडीखाली सहा पोती, तोंड बांधलेली,
आणि त्यांना हात लावायची परवानगी कुणाकडे नाही.
दुपारी गल्लीत सात ट्रक, मागे हातगाड्या,
हॉर्न, शिव्या, कुणाचा तरी पानाचा डबा.
सत्तावीस वर्षं चलनं फाडणाऱ्या हिल्डाबाई
पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
"अगं बाई, हा मलाच विचारतोय, तू कोण."

परळहून फोनवर मी सांगत होते,
पान पुन्हा उघडून बघा.

चारच्या सुमारास आजगावकर चपला घालून बाहेर पडले.
शेजारच्या गाळ्यातून पोती आली,
आमच्या गेटबाहेर, आमच्याच ट्रकमध्ये चढली.
आपला माल समोर असताना
आपला शब्द शेजाऱ्याच्या मालानं राखला.
असं एकोणीस दिवस.

मग छेडाशेठांनी वायर काढायला लावली.

समारोपाचा अहवाल मीच लिहिला.
कारणं अकरा. पहिलं: कर्मचाऱ्यांचा बदलाला विरोध.
ते वाक्य चांगलं जमलं होतं,
पुढच्या नोकरीच्या मुलाखतीतही मी ते वापरलं.

परवा आजगावकर भेटले, माझगावच्या बँकेत,
पासबुक भरून घेत होते. निवृत्त झालेत.
न राहवून विचारलं,
कुतुबभाईंचं सगळं फिटलं का?

"तीन पोती राहिलीत," ते म्हणाले.
"त्याला माहीत आहे.
मला माहीत आहे."

आणि यंत्रानं पासबुक परत ढकललं,
पान उलटं लागलं होतं.