एउदोसियाच्या हातचं

फेब्रुवारीत आम्ही अँडीजला पाणी पाजतो.
जुने दगडी पाट उकरायला
घरटी एक माणूस.
न आल्यास दंड, एक मेंढी.

एउदोसिया याक्सा, वय एक्क्याऐंशी,
यायची ती भांडायलाच.
“सिमेंट नको रे इथं. गळू दे.
गळालं तर मुरेल.”
इंजिनीअर पोरगा मान खाली घालून
वहीत लिहून घ्यायचा.

यंदाही वळणावरचा दगड तिनंच बसवला,
कोकाची पानं चघळत,
माझ्या फावड्याला नावं ठेवत.
मेमध्ये गेली.

ऑगस्ट. बटाट्याची वावरं भेगाळलेली.
खालच्या झऱ्यापाशी फोर्तुनातो ओरडला,
आलं!
करंगळीएवढी धार. आधी गढूळ.

कुणीतरी टोपी काढली.
मी बोटांवर महिने मोजले :
हे तिच्या हातचं.

गाई केव्हाच पिऊ लागल्या होत्या.