लांबी

रात्री आवाज झाला की बाबा
उशीवरून डोकं न उचलता म्हणत,
"ऑर्मो रोड. चाळीसेक खिडक्या."
आणि कूस बदलत.
आई विचारी, माणसं?
ते बाबांनी अंधारात कधी सांगितलं नाही.

साल बहात्तर. मी नऊ वर्षांची,
शाळेपेक्षा व्हॅनमध्ये जास्त,
मांडीवर लांबीचा डबा.
खडूची पूड, जवसाचं तेल,
तळहात सोडेपर्यंत कणकेसारखं मळायचं.
याच जवसाच्या धाग्यावर बेलफास्ट श्रीमंत झालं म्हणे,
बाबांच्या मावशीची बोटं गिरणीच्या पाण्यात कुजली त्यापायी.
आता त्याचंच तेल
उरलंसुरलं शहर चौकटीत धरून होतं.

नाक्यावरचा सैनिक, गालावर तारुण्यपीटिका,
डब्यात संगिनीचं टोक खुपसून वास घेई.
सुरुंगाच्या मसाल्याला बदामाचा वास येतो,
हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक होतं.

वहीत बाबा नावं लिहीत नसत.
आमच्याकडे नाव म्हणजे पुरावा.
फक्त मापं:
छत्तीस बाय एकवीस, हिरवं दार.
अठ्ठावीस बाय चाळीस, कुत्रं चावतं.
पत्र्याच्या भिंतीच्या अलीकडची, पलीकडची,
एकाखाली एक, एकाच पेन्सिलीनं.

पलीकडच्या मिसेस मॅकिल्वीन पाचव्या खेपेला म्हणाल्या,
"यंदा फळीच ठोक, कॉर्मॅक.
मला अंधाराची सवय झालीय."
"फळीला लांबी लागत नाही," बाबा म्हणाले,
"मग या पोरीनं मळायचं काय?"
त्या हसल्या नाहीत. पण चहा ठेवला.
मागच्या मोरीची इवलीशी खिडकी, बारा बाय नऊ.
तिचा शेवटचा कोपरा बाबांनी मला दाबू दिला.
"इथे सही कर," म्हणाले. "अंगठ्यानं."

नोव्हेंबरात एका वळणावर चौघांनी व्हॅन अडवली.
तोंडाला मफलर. रस्त्यावरचे दिवे कधीचे फुटलेले.
कुणाची पोरं, कळायला मार्ग नाही.
"वर्णमाला म्हण."

आठव्या अक्षराला आमचे लोक हेच म्हणतात,
त्यांचे, एच.
तेवढ्या एका उसाशावर माणूस
घरी जातो
किंवा जात नाही.

ए, बी, सी, डी,
बाबा सावकाश चालले, जणू हातात मोठी काच आहे,
ई, एफ, जी,
आणि थांबले.
"पुढचं येत नाही. मी अंगठाछाप माणूस."

मला येत होतं. झेडपर्यंत.
मी जीभ दातांखाली धरली.

एकजण हसला. दुसऱ्यानं मागचं दार उघडून
हातोडीनं एकेक काच फोडली, घाई न करता.
अकरा. बाबा ओठांतल्या ओठांत मोजत होते.
मग म्हणाले, जा.

घरी आईनं विचारलं, उशीर का?
"माल खराब निघाला."

परवा त्या गल्लीत गेले.
सगळीकडे प्लास्टिकच्या चौकटी, रबराच्या पट्ट्या,
लांबी म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागेल.
मिसेस मॅकिल्वीनच्या घरात एक पोलिश जोडपं राहतं.
मोरीची खिडकी तेवढी जुनी,
"तिच्यापर्यंत पैसे पुरले नाहीत," ती बाई ओशाळून म्हणाली.
कोपऱ्यात, दगड झालेल्या लांबीत,
नऊ वर्षांचा अंगठा.
माझा आता त्यात मावत नाही.
करंगळी जाते, जेमतेम.

स्वयंपाकघरात त्यांचं पोर मोठ्यानं अक्षरं घोकत होतं.
ई, एफ, जी
मी खिडकीला हात लावून उभी राहिले.