शेरा

पांढरकवड्याच्या उपविभागीय प्रयोगशाळेत
दोन खोल्या, एक फ्रिज, एक मी.
फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्यांना खेटून
गेडामबाबूंच्या ताकाचा डबा.

लाल द्रावणात पाणी सोडलं की रंग उतरतो.
फ्लोराइड जितकं जास्त, तितका फिका.
एवढंच माझं काम :
उतरता रंग वाचणं.

साहेबांना आकड्यातलं टिंब खटकतं.
"दोन पॉइंट एक? पूर्ण आकडा लिहा, सभेत बरा दिसतो."
गेडामबाबूंना रसायनाचं बिल खटकतं,
त्यांच्या घरी तुरटी फिरवून भागतं.
सभापतींच्या भाच्यानं अहवाल उलटा धरून सांगितलं,
तक्ता उभा नको, आडवा करा.
आडवा केला.
पुढच्या सोमवारी प्रश्न आला, आडवा का?
शिपाई दामोधरसुद्धा दारातून बघून गेला :
"म्याडम, तुमी हालवताच लय."

उत्तरं मी घरी देते,
भाकरी थापताना, परातीला.
परातीनं अजून एकही सूचना केलेली नाही.

मार्चात नमुना घ्यायला कोलाम पोडावर गेले.
हापशीजवळ जंगूबाई टेकाम बसलेली.
तिनं बाटली भरू दिली,
बूच लावू दिलं,
मग म्हणाली,
"हे त रातचं, नळीतलं पाणी हाय व बाई.
पयले पन्नास हापसे मार.
खालचं येऊ दे. मंग भर."
आणि हसली.
दातांवर तपकिरी पट्टे.

मला राग आला, सवयीनं.
मग उतरला.
प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं,
पहिल्या दिवशी, चहाच्या आधी.
बाटली ओतून दिली. हापसू लागले.
ती मोजत होती, तिशीत कुठंतरी चुकली,
पुन्हा एकपासून.

आकडा आला तीन पॉइंट चार.
मागच्या वर्षी याच हापशीचा
एक पॉइंट नऊ लिहिला होता, मीच.

"बघा," साहेब म्हणाले, "आम्ही म्हणतच होतो."
काय म्हणत होते?
गेडामबाबूंनी मान हलवली.
भाच्यानंही हलवली, तो नुसताच आला होता.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं :
'पन्नास हापसे मारून नमुना घेतला.
सूचना : जंगूबाई टेकाम.'

साहेबांनी लाल पेनानं 'हापसे' खोडून
वर 'स्ट्रोक' केलं.
नाव खोडायचं राहिलं.