देणी आधी

मनामात, वकिलांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल. पानाला चार दिनार,
शिक्क्याचे वेगळे.
गुहागर तहसीलचा वारस दाखला माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा
त्याच्या पाठीवर पाच खात्यांचे शिक्के असतात
आणि एका कोपऱ्याला कुणाचं तरी हळदीचं बोट.

मयत सहदेव तुकाराम भुवड, वय एकावन्न,
एसी मेकॅनिक, राहणार गुदैबिया, खोली नऊ.
वारस: पत्नी, मुलगी, आणि मुलगा, अज्ञान.
अज्ञान म्हणजे अठराच्या आतला.
अरबीत तो 'क़ासिर' होतो, म्हणजे उणा पडलेला.
दोन्ही भाषांना पोरक्या पोराबद्दल
याहून बरं काही सुचलेलं नाही.

बँकेला कळलं त्याच दिवशी खातं गोठलं.
बाहेर शेहेचाळीस डिग्री.

कायद्याची रांग ठरलेली असते:
आधी शवपेटी आणि विमानाचं भाडं,
मग देणी,
मग वारस.
रडणाऱ्याचं पान शेवटी मांडतात.

त्या रांगेत मधेच येऊन उभे राहिले
खोली नऊचे अकरा जण, लाल पुठ्ठ्याची वही घेऊन.
खात्यातले सहाशे भिशीचे आहेत, म्हणाले.
खोलीत एकदा चोरी झाली,
तेव्हापासून भाऊ बँकेत टाकायचे.
सही कुणाचीच नाही. नावं त्याच्या सोयीची:
बिष्णू नेपाळ ५०
लंबू ५०
अन्वर ५०, उधारीने
मी ५०

भिशीला शब्द शोधावा लागला नाही.
'जमइय्या' लिहिलं.
न्यायाधीशांनी चष्मा काढला. माझी आई चालवायची, म्हणाले.
मग चष्मा लावला: पण हा पुरावा होत नाही.
वारसांनी मानलं तर देणं,
नाहीतर वारसा.

पडद्यावर सुलक्षणा भुवड. मागे ग्रामपंचायतीचं कपाट,
मोबाइल धरून सरपंचाचा मुलगा.
मी विचारलं, वहीतले सहाशे तुमच्या मालकांचे नव्हते,
हे तुम्हाला कबूल आहे?
बराच वेळ काहीच नाही. वाटलं, नेट गेलं.
मग ती म्हणाली,
"ह्या महिन्याचा नंबर कोणाचा होता?"

मी शब्दाला शब्द दिला.
टायपिस्टचे हात थांबले.
वही उघडली. बिष्णू नेपाळ.
बाजूला पेन्सिलीनं: घराचा पत्रा.
"मग त्याला द्या की," ती म्हणाली,
जसं काही आम्हीच अडवून बसलो होतो.

एकोणीस वर्षांच्या मुलीनंही मान हलवली.
पण मुलाच्या वाट्याचं सोडायला
आईलाही हात नाही.
चारशे सुटले. दोनशे त्याच्या नावानं कोर्टात,
तो अठराचा होईस्तोवर.
आता अकराचा आहे.

संध्याकाळी जिन्यात उभं राहून
त्यांनी दोनशेची वर्गणी काढली, बिष्णूची भिशी पुरी केली.
वहीत नवी ओळ, वेगळ्या अक्षरात:
भाऊचा पोरगा २००, नंबर सात वर्षांनी.
येणं म्हणून लिहिलं की देणं,
मी विचारलं नाही.

भाषांतराची पानं आठ झाली होती.
मी सहाचं बिल करत होते, तर लंबू म्हणाला,
आठाचंच करा मॅडम,
हिशेब म्हणजे हिशेब.